इशारे बंद करणारी ओळ

रुग्णालयाच्या कँटीनमध्ये एकच खुर्ची रिकामी होती, आणि आम्ही दोघांनी तिला एकदमच हात घातला.

"बसा तुम्ही," तो म्हणाला. "मी औषधांच्या खिडकीवर दिवसभर बसूनच असतो."

"मीही कॉम्प्युटरसमोर प्रोग्राम लिहीत बसूनच असते."

"म्हणजे... आमच्या नोंदींचा प्रोग्राम तुम्हीच लिहिलाय? मग उभ्याच राहा!"

मला हसू आवरेना. त्याच्या हातांना औषधांचा कडवट वास येत होता, तोही मला आवडला. मग काय, खिडकीवरचा प्रिंटर वारंवार 'बिघडायला' लागला आणि महिन्याभरात अहो-जाहो गळून पडलं.

"प्रिंटर ठीक आहे आज," तो एकदा हळूच म्हणाला, "पण तू आलीस ते बरं झालं..."

मग खिडकीवर नेहमी औषधं घ्यायला येणाऱ्या एक मावशी वारल्या. त्यांना न चालणारी, ॲलर्जी असलेली गोळी त्याच्या हातून दिली गेली होती. "स्क्रीनवर तसं काही नव्हतं गं," तो सांगत राहिला, पण कुणाचा विश्वास बसेना. चौकशी होईपर्यंत त्याला घरी बसवलं.

मी मावशींची नोंद पुन्हा भरून पाहिली. डॉक्टरांनी न चालणारी चार औषधं सविस्तर लिहिली होती. रकान्यात तीनच मावतील एवढी जागा, आणि चौथं नाव नेमकं त्या गोळीचं. नोंदी साठवणाऱ्या सर्व्हरने उरलेला मजकूर कापला आणि तसा इशाराही पाठवला. पण तो प्रोग्रामने वाचायला तर हवा! इशाऱ्यांच्या पिवळ्या चौकटींना सगळे वैतागले होते, म्हणून वर्षापूर्वी मीच एक ओळ लिहून ते वाचणं बंद केलं होतं.

चौकशीच्या दिवशी दाराबाहेर मी ती ओळ छापलेला कागद त्याला दाखवला.

"मशीन चुकलं म्हणू," तो म्हणाला. "तुझं नाव कशाला?"

"मशीन वर्षभर सांगत होतं. त्याचं तोंड मी बंद केलं."

"नोकरी जाईल तुझी... कदाचित तेवढ्यावर भागणारही नाही."

"नाहीतर सगळं तुझ्यावर येईल. आणि ऐक — मला तू फार आवडतोस. आज बोलले नाही, तर राहूनच जाईल."

"मलाही तू..." त्याने माझा हात धरला. "पण गोळी घेताना मावशींनी मला विचारलं होतं, जेवलास का रे? तुझ्याकडे बघितलं की आता तेच आठवणार मला."

तरी त्याने माझा हात घट्ट धरून ठेवला होता. मीच तो सोडवून घेतला आणि आत गेले.

चौकशी करणाऱ्या साहेबांसमोर मावशींची मुलगी बसली होती. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"तुम्ही कोण?" तिने विचारलं.

मी सांगितलं, माझं नाव आणि ती ओळही.