मागच्या पानावरचा येसर

"हे जरा चाखून बघता?"

अस्मितानं मान वर केली. टेबलापलीकडे एक उंचसा तरुण उभा होता आणि त्यानं स्टीलचा छोटा डबा तिच्यापुढे धरला होता. डब्यात पिवळसर पाणी, वर मोहरीचे चार दाणे.

"काय आहे हे?"

"तेच विचारायला मालाडहून आलोय. येसर आमटी म्हणे. असं तुमचं म्हणणं आहे हं, माझं नाही."

मुलुंड पूर्वेला, पिठाच्या गिरणीशेजारी, नानांचं प्रकाशन होतं. पुढे पुस्तकांचं काउंटर, तिथं नाना बसायचे; मागच्या खोलीत अस्मिता. चाळीस वर्षांपूर्वी नानांनी कुंदाताईंचं स्वयंपाकाचं पुस्तक काढलं होतं. एके काळी मुलीच्या रुखवतात लाडवांच्या ताटाशेजारी ते मांडलेलं असायचं. पुढे पोरी फोनमध्ये बघून रांधू लागल्या आणि पुस्तकांचे गठ्ठे पडून राहिले. तेव्हा अस्मितानंच नानांच्या गळी उतरवलं, की पुस्तकातले सहाशे पदार्थ संगणकात भरायचे आणि जे अॅप बनवतात त्यांना हवा तो पदार्थ थेट मागवता येईल अशी सोय करायची. एपीआय म्हणतात तिला. त्यांच्या प्रोग्रामनं पदार्थाचं नाव विचारायचं, इकडून कृती जायची. नाना तिला साधं 'खिडकी' म्हणत. वर्षभर खपून अस्मितानं ती खिडकी उघडली, आणि पहिलं गिऱ्हाईक आलं ते हे असं, डबा घेऊन.

त्याचं नाव निहार. खोली घेऊन एकटं राहणाऱ्या मुलामुलींसाठी तो अॅप करत होता, आणि प्रत्येक पदार्थ आधी स्वतः करून बघत होता.

अस्मितानं चमचाभर तोंडात घातलं. "मीठ बरोबर आहे."

"थँक्यू. बाकी?"

"बाकी... यात येसर कुठाय? भाजलेल्या धान्या-मसाल्याचं पीठ असतं ते."

"'मागच्या पानावरचा येसर दोन चमचे पाण्यात कालवून घालावा.' एवढंच आलंय मला." त्यानं फोन पुढे केला. "मागचं पान कुठाय? ते तुम्ही पाठवलंच नाही."

तिला आधी हसू आलं. मग चूक लक्षात आली. कुंदाताईंनी लिहिलं होतं ते नव्या सुनेला ओट्याशी उभं करून सांगावं तसं. एकदा सांगून झालं, की पुढे नुसतं 'मागे सांगितल्याप्रमाणे'. पुस्तकात पान उलटलं की भागायचं. अस्मितानं मात्र एकेक पदार्थ सुटा केला होता, आणि मागचं पान मागेच राहिलं होतं.

ती पुस्तक घेऊन आतल्या गोदामात गेली आणि मोजत बसली. परतली तेव्हा निहार काउंटरशी नानांबरोबर गप्पा मारत होता.

"एकशे बारा ठिकाणी आहे हे," ती त्याला बाजूला घेऊन म्हणाली. "दुरुस्त करते मी. नानांना... इतक्यात नको सांगायला. त्यांचा जीव आहे या खिडकीवर."

"नाही सांगत. पण तोवर अडलं तर?"

"फोन करा. सहाला मोकळी असते."

तो गेला. डबा मात्र टेबलावरच राहिला.

दुसऱ्या दिवशी बरोबर सहाला फोन वाजला.

"भरल्या वांग्याच्या मागच्या पानावर काय आहे?"

तिनं वाचून दाखवलं. तिसऱ्या दिवशी बिरडं, चौथ्या दिवशी सांबारं. आठवडाभरात 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलं नाही.

"तू स्वतः करतेस का गं यातलं काही?"

"मी फक्त टाइप करते."

"वाटलंच. म्हणून 'खमंग होईपर्यंत' असं लिहून मोकळी. खमंग म्हणजे किती मिनिटं?"

"नाक आहे ना तुला?"

"सर्दी आहे."

"मग आज वरणभात खा आणि झोप."

नानांना ऐकू कमी यायचं, कानात यंत्र असायचं. यंत्र लावूनही मागच्या खोलीतलं त्यांना ऐकू जाणार नाही, असं धरून ती निर्धास्त बोलायची. दिवसा एकेक पदार्थ दुरुस्त होत होता. एकशे बाराचे साठ झाले, साठाचे नऊ. आकडा उतरला की तिला बरं वाटायचं... आणि मग सहाची वेळ आठवून अजिबात बरं वाटायचं नाही. सगळी मागची पानं पोचली की तो कशाला फोन करेल?

शेवटी एकच उरला. तिळाच्या वडीचा पाक. दहा मिनिटांचं काम. तिनं ते अकरा दिवस केलं नाही.

बाराव्या दिवशी घाटकोपरच्या निधी नावाच्या मुलीची मेल आली. तिलाही खिडकीतून पदार्थ हवे होते, सोमवारपासून. नवख्या माणसाला अर्धवट माल कसा द्यायचा? अस्मितानं पाक जागच्या जागी लावला आणि संगणक बंद केला.

त्या दिवशी सहाला फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी ती डबा उचलून घरी घेऊन आली.

"कुणाचा गं?" आईनं विचारलं.

"ऑफिसातला आहे. परत द्यायचाय."

"मग रिकामा नको देऊस." आईनं फळीवरची बरणी काढली. तिच्या लातूरकडच्या माहेरी लग्नघरात सगळ्यात आधी येसर व्हायचा. इथं मुलुंडात वीस वर्षं राहूनही ती दरवर्षी बरणीभर करून ठेवत असे. अस्मितानं पहिल्यांदाच स्वतः आमटी केली. खमंग म्हणजे किती, ते तिच्या नाकाला बरोबर कळलं.

चौथ्या दिवशी सहाला तिनंच फोन लावला.

"तुमचा डबा राहिलाय इथं."

"तुमचा?" तो म्हणाला. "जोगेश्वरीच्या रस्त्याला ट्रॅफिक असेल आत्ता. दीड तास लागेल. थांबशील?"

"थांबते."

तो आला तेव्हा घामाघूम होता. डबा बॅगेत मावेना, म्हणून त्यानं आतलं एक पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. कुंदाताईंचं. कडेनं हळदीची बोटं उमटलेली. अस्मितानं पहिलं पान उघडलं. नाना विकलेल्या प्रत्येक पुस्तकावर हिरव्या शाईनं नाव आणि तारीख घालत. तारीख होती तो पहिल्यांदा डबा घेऊन आला त्या दिवसाची.

"हे तुझ्याकडे... तेव्हापासून?"

"तू आत मोजत होतीस ना, तेव्हा नानांनी दिलं. म्हणाले, सगळी पानं यात आहेत. कुणाला विचारायची गरज पडणार नाही."

"म्हणजे नानांना सगळं माहीत होतं?"

"पहिल्याच दिवसापासून. आपलं बोलणं ऐकलं होतं त्यांनी."

"मग रोज फोन कशाला केलास?"

निहार बॅगेचा पट्टा चाळवत राहिला. "गरज पडली."

"आणि हे तीन दिवस?"

"तिळाची वडी अकरा दिवस तशीच होती. मी रोज बघत होतो. वाटलं, मुद्दाम ठेवली असेल... मग त्या दिवशी दुरुस्त झालेली दिसली. म्हटलं, पुरे आता, असं म्हणायचंय तुला."

"घाटकोपरच्या एका मुलीला सोमवारपासून पदार्थ द्यायचेत. तिला अर्धवट कशी देणार?"

"एवढंच कारण?"

"एवढंच. नाहीतर संक्रांतीपर्यंत ठेवली असती."

चार दिवस छातीवर ठेवलेलं जातं कुणी अलगद उचलून नेल्यासारखं तिला वाटलं. तोही खुर्चीत टेकला, जणू मालाडपासून चालत आला होता. डबा त्यानं तिथंच उघडला आणि झाकणातच आमटी ओतून प्यायला.

"मीठ कमी आहे."

"घाल मग घरी जाऊन."

"नको. अशीच असू दे."

दुसऱ्या दिवशी बरोबर सहाला फोन वाजला. नाना शेजारच्या गोदामात पुस्तकांचे गठ्ठे बांधत होते.

"आता काय राहिलं?" अस्मितानं विचारलं.

"काही नाही. सगळं पोचलंय."

"मग?"

"मग काय... आज काय केलंस, ते सांग."

नानांनी कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं आणि ते गठ्ठे बांधत राहिले.