उन्हाचा वास

बस इथे. बाबांचा आत्ताच डोळा लागलाय, हळू बोल. तू फोनवर विचारायचास ना, "ताई, यंदा तुमच्याकडे उन्हाळा आलाच नाही म्हणे?" आणि मी म्हणायचे, "वाट चुकला असेल बिचारा." तेव्हा हसण्यावारी न्यायचे. फोनवर सांगण्यासारखं नव्हतंच ते. आता आला आहेस, तर ऐक.

शाळेला सुट्टी लागली आणि त्याच आठवड्यात बाबांजवळ दिवसभर थांबणाऱ्या बाईंनी काम सोडलं. म्हटलं, सुट्टीच आहे, आपण करू. सोपं वाटलं होतं. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं करायचं म्हणजे सगळा खेळ चादरींचा. सकाळी ओली, दुपारी ओली, संध्याकाळी पुन्हा ओली. आणि बाहेर पाऊस. एरवी या दिवसांत गच्चीवर टाकलेलं फडकं चहा होईपर्यंत कडकडीत वाळतं. यंदा कपाटातून स्वेटर काढावे लागले. आभाळ छताला टेकल्यासारखं खाली आलेलं, दिवसा दिवे लावायचे, भिंतींना बुरशी. दारांवर, खुर्च्यांवर, पंख्याला दोरी बांधून तिच्यावर, जिकडे तिकडे चादरी. सगळ्या घराला तो कुबट, आंबट वास. माझ्या केसांनासुद्धा. रोज धुवायचं, पिळायचं आणि ओलंच घालायचं. बाबांच्या पाठीला जखमा व्हायला लागल्या, आणि माझा जीव अगदी मेटाकुटीला आला.

शेवटी गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोऱ्या बांधल्या. वाळणार नव्हतंच, पण निदान वारा लागेल. दुपारी चादरी उलटायला वर गेले, तर दोऱ्या रिकाम्या. खाली बाकड्यावर सगळ्यांच्या घड्या. टोकाला टोक जुळवलेल्या, इस्त्री केल्यासारख्या.

हात लावला आणि दचकलेच. चादरी गरम होत्या. नाकाशी नेली, तर उन्हाचा वास. खरखरीत, भाजका, अस्सल उन्हाळ्याचा. आणि पत्र्यावर पाऊस नुसता कोसळत होता.

खालच्या मजल्यावरच्या मावशींना विचारलं, "तुम्ही वाळवल्यात का हो चादरी?"

"मी? अगं, हे गुडघे मला उंबरा ओलांडू देत नाहीत, गच्चीवर कुठली जाते मी! आणि वाळवू कशावर, फुंकर मारून?"

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. खोटं कशाला बोलू, मी विचारायचं सोडलं. धर्माची गाय, तिचे दात कोण मोजतं? मी इतकी थकले होते की भुतानं येऊन भांडी घासली असती, तरी त्याला साबण कुठे आहे ते दाखवलं असतं.

बाबांना त्या चादरी फार आवडल्या. तेव्हा जेमतेम दोन-तीन शब्द बोलता यायचे त्यांना. अंथरली की डोळे मिटून म्हणायचे, "ऊन... ऊन आलं." जखमा सुकल्या. मग अंथरूण ओलं होणंही थांबलं. मला आनंदच झाला. एक धुणं कमी!

मग त्यांचे ओठ फुटायला लागले. पेल्यामागून पेला पाणी पाजायचे, ते जायचं कुठे कोण जाणे. डॉक्टर आले, त्यांनी हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. "पाणी द्या भरपूर," म्हणाले. "देतेच आहे हो," मी म्हटलं, तर त्यांना ते पटलं नाही. त्या दुपारी बाबांना कुशीवर वळवताना आवाज आला... वाळलेलं पान चुरगळावं तसा. अंगाखालची चादर चाचपली. सकाळी अंथरलेली, पण अजून तशीच गरम. जणू तिच्यावर अजून ऊन पडत होतं.

तशीच गच्चीवर गेले.

शेडच्या दारातून पाहिलं. बाहेर धो धो पाऊस, आत काळोखी. फक्त दोरीवरची एक चादर उजळलेली. लख्ख, भर दुपारच्या उन्हात असावी तशी. आणि तिच्यावर सावली होती. बाईची. पलीकडे कोणीच नव्हतं. नुसती सावली, हात वर करून चादर दोरीवरून काढत होती.

चादर खाली आली, आडवी ताणली गेली, आणि तिची अलीकडची दोन टोकं माझ्याकडे पुढे आली. धर, म्हणावं तशी.

एवढी मोठी चादर एकट्या माणसाला नीट घडी करता येत नाही. तुला आठवतं, आई होती तेव्हा ती आणि मी दोघी दोन बाजूंनी धरायचो. मला वाटलं... काय वाटलं ते सांगता येत नाही. मी टोकं धरली. घडी घातली. ती एक पाऊल पुढे आली, मी एक पाऊल पुढे गेले. ऊब खांद्यापर्यंत चढली. इतकं बरं वाटत होतं रे, की रडू आलं.

"आई?" मी म्हटलं.

अगदी तोंडाजवळून आवाज आला. आईचा नव्हता.

"दमलीस ना... आता तू नीज. खाली मी जाते."

हातातलं सगळं टाकून मी जिना कसा उतरले, मला ठाऊक नाही. बाबांच्या अंगाखालून, अंगावरून त्या सगळ्या चादरी ओढून काढल्या, पिळून ठेवलेली ओली चादर त्यांच्यावर घातली. ते लहान मुलासारखे रडले. पण संध्याकाळी अंथरूण ओलं झालं. एवढा आनंद मला आयुष्यात कशाचा झाला नव्हता. शेडला कुलूप घातलं. पुन्हा तोच कुबट वास, तेच पिळणं. बाबा वाचले. हळूहळू त्यांची जीभही सुटली.

जीभ सुटल्यावर एकदा त्यांनी विचारलं, "ती दुसरी का येत नाही गं?"

"कोण दुसरी, बाबा?"

"दुपारी तू वर गेलीस की यायची ती. पलंगापाशी बसायची. आधी तोंड नव्हतं तिला. मग येत गेलं, थोडं थोडं... शेवटी शेवटी अगदी तुझ्यासारखं."

तेव्हापासून ते माझ्या हातचं पाणी पिण्याआधी माझा हात धरून बघतात. तिचे हात गरम असायचे म्हणे. माझे धुण्यानं कायम गार. गार लागला की मान हलवतात आणि पितात.

काल सकाळी त्यांनी माझा हात धरला... आणि सोडून दिला. भिंतीकडे तोंड फिरवलं. कालपासून माझ्या हातून घोटभरही घेतलेलं नाही.

म्हणून तुला बोलावलं. मला तर काही वेगळं जाणवत नाही.

तू जरा माझा हात धरून बघतोस?