तो तिसऱ्यांदा विचारत नाही

आर्डिसचा शेवटचा साधासुधा दिवस चर्चच्या तळघरात लेफ्से लाटण्यात गेला. बाहेर मिनेसोटाचा नोव्हेंबर. आत सात बायका, तीन तवे आणि उकडलेल्या बटाट्यांचा वास. आर्डिस ती बटाट्याची पोळी इतकी पातळ लाटायची की खालच्या कापडाची वीण दिसावी. तिची चौपन्न वर्षांची लेक सोल्वेग लाकडी पट्टीनं ती अलगद उचलून तव्यावर पसरत होती.

अकराच्या सुमाराला सोल्वेगच्या छातीतून ती ओळखीची आच उठली आणि मानेवरून कानांपर्यंत चढली. तिनं स्वेटर काढून फेकला, खिडकी सताड उघडली. बाकीच्या बायका कुडकुडल्या.

"अहो, हीटर दुरुस्त करणारे! कमी करा ना जरा!" तिनं आतल्या खोलीकडे बघून हाक मारली.

हात पुसत एक उंच माणूस बाहेर आला. केस पांढरे, भुवया मात्र काळ्याभोर.

"मॅडम, हीटर सकाळपासून बंद आहे. मी तो उघडूनच बसलोय."

मग हातातलं लाटणं न थांबवता आर्डिस म्हणाली, "हीटरचं काही नाही हो. ही माझी मुलगी आहे. हल्ली तिचं बटण आपोआप चालू होतं."

बायका खो खो हसल्या. सोल्वेगला वाटलं, पिठाच्या डब्यात तोंड खुपसावं. तो मात्र हसला नाही. त्यानं खिडकी अर्धी लावली आणि एक खुर्ची तिच्यापाशी ओढली.

"इथं बसून लाटा. तुम्हाला वारा लागेल, यांना थंडी वाजणार नाही."

"मी लाटत नाही. मी भाजते."

"ते दिसतंच आहे…" तिच्या लाल गालांकडे बघत तो बोलून गेला, आणि स्वतःच ओशाळला.

त्याचं नाव एमेट. अलाबामाहून दोन महिन्यांपूर्वी गावात आलेला, बायको जाऊन चार वर्षं झालेली. आर्डिसनं विचारलं, "कॉफी घेणार?"

"घेईन की, मिस आर्डिस!" तो आपल्या दक्षिणेकडच्या अदबीनं म्हणाला.

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. या गावात माणूस पहिल्यांदा नको म्हणतो, दुसऱ्यांदा 'कशाला उगाच' म्हणतो आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर अर्धा कप घेतो.

"पहिल्याच फटक्यात हो म्हणाला," परतताना गाडीत आर्डिस म्हणाली. "बिचाऱ्याला कुणी शिकवलंच नाही. आवडला मला."

"आई!"

"अगं, मी माझ्यासाठी नाही म्हणत."

दुसऱ्या दिवशी सकाळी आर्डिसनं फोन उचलला नाही. ती झोपेतच गेली होती. उजव्या हाताच्या नखांत अजून थोडं पीठ होतं.

दफनाच्या दिवशी एमेटनं खुर्च्या मांडल्या आणि निघून गेला. मग पहिला मोठा बर्फ पडला, तेव्हा सोल्वेगच्या दारात फावड्याचा आवाज आला. तिनं सूप केलं होतं. तिनं विचारलं आणि तो पहिल्याच फटक्यात बसला. त्यानंतर बर्फ पडो न पडो, तो यायचा. तिच्या आईबद्दल बोलू द्यायचा, मध्ये मध्ये हसवायचा.

"आत्ता चालू झालं वाटतं?" तिचे कान लाल झाले की तो विचारायचा.

"गप्प बस."

"मी थंड हातांचा माणूस आहे. माझा काही उपयोग होत असेल तर बघ…"

आणि खरंच तो आपले गार तळवे तिच्या मानेवर ठेवायचा. फेब्रुवारीत एकदा ते हात तिथून हललेच नाहीत, आणि तिनं मान वळवून त्याला चुंबन घेऊ दिलं.

"आज थांबू का?" त्यानं हळूच विचारलं.

"नको… आज नको."

दोन आठवड्यांनी त्यानं पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "राहू दे ना."

त्यानंतर तो आला, सूप प्यायला, कपाळावर ओठ टेकवून गेला. पुढच्या वेळीही तसंच. सोल्वेग तिसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत होती आणि त्याच वेळी त्या विचारण्याला भीतही होती. कारण उत्तर तिलाच ठाऊक नव्हतं. पाळी गेली तेव्हापासून तेव्हाच्या नवऱ्याच्या जवळ जाणं म्हणजे आग झाली होती, जखमेवर हात फिरवल्यासारखी. तिनं कधी सांगितलं नाही. कधी डोकं दुखायचं, कधी थकवा. शेवटी "तुला मी नकोच आहे" असं म्हणून तो निघून गेला, आणि तिनं त्याला तसं समजू दिलं.

आणि आता एमेटच्या भेटीही विरळ व्हायला लागल्या. आठवड्यातून दोनदा, मग एकदा. तोही तेच समजत होता.

मार्चमध्ये ती आईची शिवणाची खोली आवरायला बसली. आर्डिस शेवटची पंचवीस-तीस वर्षं तिथंच निजायची; तुझे बाबा घोरतात, म्हणायची, आणि ते वारल्यावरही तिनं खोली बदलली नाही. सगळ्यात खालच्या कप्प्यात, जुन्या उशांच्या अभ्र्यांखाली, औषधाची एक ट्यूब सापडली. तिच्यावर आर्डिसचं नाव, १९९६ साल आणि बारीक अक्षरात: योनीच्या कोरडेपणासाठी. टोपणाखालचं सील तसंच होतं.

सोल्वेग त्या अरुंद पलंगावर बसून राहिली. म्हणजे आई एकदा डॉक्टरांना विचारून आली होती. तिथपर्यंत गेली आणि परत फिरली. भिंतीपलीकडे बाबांना एवढी वर्षं काय वाटलं असेल? आणि सोल्वेगनं विचारलं असतं तर? सांगितलं असतं आईनं… कदाचित तिसऱ्यांदा विचारल्यावर.

दवाखान्यातली नर्स लोरेन पन्नाशीची होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"जवळपास निम्म्या बायकांना होतं हे. निमूट सहा-सहा वर्षं काढतात. तुम्ही कुणाला सांगितलंत?"

"तुम्हाला. आत्ता."

लोरेननं तपासलं, कमी मात्रेचं हार्मोनचं मलम लिहून दिलं, सोबत वापरायचं वंगण समजावलं. "दोन-तीन महिने लागतील. घाई नको. आणि ज्याच्यासाठी आलात त्याच्याशी बोला."

"माझ्यासाठी आलेय," सोल्वेग म्हणाली, आणि स्वतःच चकित झाली.

एप्रिलच्या एका दुपारी ती एमेटच्या कामाच्या शेडमध्ये गेली. तो एका मोटरवर वाकला होता.

"हीटर बिघडला?"

"नाही. तू तिसऱ्यांदा का नाही विचारलंस?"

त्यानं पाना खाली ठेवला. "तू दोनदा नको म्हणालीस. आमच्याकडे एकदा पुरतं. दुसऱ्यांदा विचारलं, तेच माझ्या आईला कळलं असतं तर कान पिळला असता."

"इथं तिसऱ्यांदा विचारतात."

"असं?" भुवया वर गेल्या. "मग… विचारू?"

"नको. विचारलंस तर मी हो म्हणेन आणि दात आवळून पडून राहीन. एका लग्नात पुरे झालं तेवढं."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "सोल्वेग, माझं काही चुकलं का?"

तिनं दाराच्या चौकटीला धरलं. बाहेर वितळणारं पाणी छपरावरून टपटपत होतं. वाटलं, हवापाण्यावर काहीतरी बोलावं आणि घरी जावं. ती गेली नाही.

"एमेट, मला दुखतं. सहा वर्षं झाली, पाळी गेल्यापासून. औषध चालू केलंय. हळू जावं लागेल, कधी अर्ध्यावर थांब म्हणेन… पण मी दोनदा नको म्हणाले ना, ते त्या दुखण्याला म्हणाले. मला तू हवा आहेस. अगदी जवळ हवा आहेस."