लीथ वॉकच्या घरातला हुंकार

ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल सोडून द्यावं. पण यातलं काहीही मी रंगवून सांगत नाहीये. हे माझ्याच बाबतीत घडलंय. माझा नवरा जयंत त्याचा अर्धा साक्षीदार आहे, आणि तो आजही हा विषय निघाला की उठून दुसऱ्या खोलीत जातो.

भुतांच्या गोष्टी रात्री घडतात असं मला वाटायचं.

ही दुपारी घडली.

२००५ सालचा डिसेंबर. एडिनबरा. तिकडे डिसेंबरात साडेतीनलाच अंधार पडायला लागतो. दुपारचा चहा टाकायचा तोही लाइट लावून.

जयंत एका बँकेच्या प्रोजेक्टवर होता. आधी सहा महिने म्हणाले होते, मग वर्ष म्हणायला लागले. मी मूळची मिरजेची. लग्नाला नुकतं कुठे वर्ष होत होतं. नोकरीसाठी अर्ज टाकत होते, पण कुठूनच उत्तर येत नव्हतं. जयंत सकाळी अंधारात जायचा आणि अंधारात यायचा. मधला सगळा दिवस माझा एकटीचा.

लीथ वॉक नावाच्या मोठ्या रस्त्यावरून आत वळणाऱ्या एका गल्लीत आमचा फ्लॅट होता. दीडशे वर्षांची दगडी इमारत. सगळ्यांचा मिळून एकच गोल जिना, थंडगार. आम्ही सगळ्यात वर. आमच्या खाली मिसेस रेनी नावाची एक म्हातारी बाई एकटी राहायची.

रुळायला वेळ लागला. बेसिनला गरम पाण्याचा नळ वेगळा, गारचा वेगळा, त्यामुळे हात एक तर भाजायचे नाहीतर गोठायचे. बाथरूमचा लाइट दोरी ओढून लावायचा. फोडणी टाकली की स्मोक अलार्म बोंबलायचा आणि मी स्टुलावर चढून टॉवेलने वारा घालायचे. दुकानातली मुलगी काय बोलायची ते मला तीनदा विचारल्याशिवाय कळत नसे. चौथ्यांदा विचारायची लाज वाटायची, मग मी नुसतंच हसून 'यस' म्हणायचे.

हळूहळू मी बाहेर जाणंच कमी केलं.

आणि घरात एकटीच मोठ्याने बोलायला लागले.

तसं वेड्यासारखं नाही हं. आपण बोलतो ना, "अगं बाई, मीठ कुठं ठेवलं?" किंवा "चला, आता कणीक मळू." मराठी कानावर पडावी म्हणून. दिवसभर दुसरं कुणी बोलणारच नसायचं.

बहुतेक वेळ मी स्वयंपाकघरातच असायचे. तिथे भिंतीत आत गेलेली एक जागा होती, पलंगाएवढी. खिडकी नाही, काही नाही. पूर्वी लोक तिथे खरंच पलंग टाकून झोपायचे, असं घर दाखवणाऱ्या बाईने सांगितलं होतं. आता तिला पडदा होता. आमच्या रिकाम्या बॅगा आम्ही पडद्यामागे टाकल्या होत्या.

एक दिवस भाजी चिरत होते. खिडकीबाहेर अंधारून आलं होतं. मी म्हटलं, "आज जयंतला उशीर होणार बहुतेक."

आणि पडद्यामागून...

"हं."

हळू. अगदी आपण कुणाचं बोलणं ऐकताना देतो तसा हुंकार.

सुरी हातातच राहिली. मी पडदा सरकवला. बॅगा. बाकी काही नाही.

पाइपचा आवाज असेल. जुनं घर. हीटिंग सुरू झालं की पाइप कुरकुरायचे.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम बोलून पाहिलं. "आज तुरीची डाळ करावी म्हणते."

"हं."

तरी पुन्हा बोलले. या वेळी वाक्य अर्धंच सोडलं. "काल मी त्या दुकानात गेले आणि..."

काहीच नाही.

घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू येत होती. मी श्वास रोखून उभी.

"...कोथिंबीर घेऊन आले."

"हं."

पाइपला वाक्य कुठे संपतं ते कळत नाही.

जयंतला सांगितलं. तो दमलेला होता. म्हणाला, "आसावरी, तू दिवसभर एकटी असतेस. लायब्ररीत जात जा ना. चार माणसं दिसतील."

"तू स्वतः ऐक ना एकदा."

तो पडद्यासमोर उभा राहून म्हणाला, "नमस्कार, मी जयंत."

काहीच आवाज आला नाही. तो हसला. मीही हसले. त्याच्यासमोर तो हुंकार कधीच आला नाही.

आता जे सांगते ते सांगताना मला आजही विचित्र वाटतं. काही दिवसांनी माझी भीती कमी झाली. घरात कुणीतरी आपलं बोलणं ऐकतंय याची सवय झाली. मी त्या पडद्याकडे तोंड करून गोष्टी सांगायला लागले. मिरजेच्या घराच्या, आईच्या, कॉलेजच्या. मध्ये मध्ये हुंकार यायचा. बरं वाटायचं.

मग एका दुपारी मी आईच्या आजारपणाचं काहीतरी सांगत होते. बोलता बोलता थांबले.

पडद्यामागून आवाज आला...

"मग?"

स्पष्ट. बाईचा आवाज. मराठी.

मी तशीच चपला घालून घराबाहेर पडले आणि जयंत येईपर्यंत लीथ वॉकवर बसस्टॉपच्या बाकावर बसून राहिले. पायात मोजेही नव्हते.

त्यानंतर मी घरात बोलणं बंद केलं. एक शब्दही नाही. स्वयंपाक पटकन उरकायचा आणि पुढच्या खोलीत टीव्ही लावून बसायचं.

दोन-तीन दिवस शांततेत गेले.

मग टीव्हीच्या आवाजाखालून काहीतरी ऐकू यायला लागलं. मी टीव्ही बंद केला.

स्वयंपाकघरात कुणीतरी बोलत होतं. पुटपुटल्यासारखं, सारखं सारखं. लहान मूल पाठांतर करतं तसं.

"मीठ कुठं ठेवलं... अगं बाई, मीठ कुठं ठेवलं..."

माझी वाक्यं. माझ्याच हेलात.

"मी आलो... मी आली..."



"मी आले."

बरोबर जमल्यावर आवाज थांबला.

त्या संध्याकाळी मी जयंतला सांगितलं, हे घर बदलायचं. तो चिडला नाही. माझा चेहरा बघून म्हणाला, "ठीक आहे. उद्याच एजंटला फोन करतो."

पण दुसऱ्याच दिवशी दुपारी ते घडलं.

आईचा मिरजेहून फोन आला. फोन स्वयंपाकघराच्या दारालगत, पॅसेजमधल्या छोट्या टेबलावर होता. वायर आखूड, त्यामुळे तिथेच उभं राहून बोलावं लागायचं. बाहेर काळोख झाला होता. मी हळू आवाजात बोलत होते. आईला काही सांगितलं नव्हतं. तिला काळजी कशाला.

इतक्यात खालची बेल वाजली. खालचं दार वरून उघडायचं बटण बिघडलेलं होतं, त्यामुळे जिना उतरूनच जावं लागायचं. बेल पुन्हा वाजली. सारखी.

"आई, एक मिनिट हं. खाली कुणीतरी आलंय."

रिसीव्हर टेबलावर ठेवला, दार नुसतं लोटून घेतलं आणि खाली गेले.

मिसेस रेनी होत्या. हातात दोन जड पिशव्या, खालच्या दाराची किल्ली सापडत नव्हती. मी पिशव्या घेतल्या. त्यांचे गुडघे दुखायचे. एक पायरी चढल्या की थांबायच्या. मला वर जायची घाई, पण त्यांना सोडून कशी जाणार?

मधल्या वळणावर त्या दम खात म्हणाल्या, "बरं झालं हो तुझी बहीण राहायला आली. आधी तू अगदीच एकटी होतीस."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. त्यांचा उच्चार मला कळायचाच नाही.

"कोण आली?"

"तुझी बहीण. मला वरचं ऐकू येतं ना. किती बोलता तुम्ही दोघी दिवसभर. आवाज पण अगदी सारखे." त्या हसल्या. "तिला घेऊन ये एकदा चहाला."

मी पिशव्या त्यांच्या दारात ठेवल्या आणि वर धावले.

दार मी लोटून गेले होते तसंच होतं. आत पाऊल टाकलं...

आईचा आवाज. टेबलावर आडव्या पडलेल्या रिसीव्हरमधून, बारीक.

"हं... हं... अगं मग? मग काय झालं?"

आई कुणाचं तरी बोलणं ऐकत होती.

मी रिसीव्हर उचलला. थंड लागायला हवा होता.

तो गरम होता.

"आई?"



मग आईने अगदी हळू विचारलं, "आसावरी?"

"हो गं आई, मीच. खाली गेले होते."

"आत्ता आलीस?"

"आत्ताच."

आईचा श्वास मला ऐकू येत होता. ती पुन्हा बोलली तेव्हा तिचा आवाज बदलला होता. मी लहानपणी तापाने फणफणले होते तेव्हा डॉक्टरांशी बोलताना तिचा असा आवाज मी ऐकला होता.

"इतका वेळ माझ्याशी तुझ्या आवाजात कुणीतरी बोलतंय. मला वाटलं तूच. पण एकदाही 'आई' म्हणाली नाही गं. ती कोण आहे?"



"घरातून बाहेर पडायचं दार कुठे आहे?"

"समोरच."

"मग आता नीट ऐक. फोन बंद करू नकोस. रिसीव्हर होता तसा टेबलावर ठेव आणि बाहेर जा. मागं बघू नकोस."

"आई, पण..."

"मी बोलत राहते तिच्याशी. तिला ऐकणारं कुणीतरी हवंय. जा तू."

मी रिसीव्हर ठेवला.

मी वळले. दारापर्यंतचा पॅसेज एवढासा, पण संपेना. मागून रिसीव्हरमधला आईचा आवाज आला, अगदी नेहमीसारखा, मायेचा.

"हं, बोल गं बाळ. काय सांगत होतीस?"

आणि मग...

फोनच्या अगदी जवळून, मी दोन क्षणांपूर्वी जिथे उभी होते तिथूनच, माझा आवाज बोलायला लागला.

काय बोलला ते मला माहीत नाही. मी कानांवर हात घेतले होते. जिना कसा उतरले तेही आठवत नाही.

मिसेस रेनींच्या घरातून मी जयंतला फोन केला. तो टॅक्सीने आला. मला खालीच बसवून एकटा वर गेला. बराच वेळ परत आला नाही. आला तेव्हा चेहरा पांढराफटक. हातात आमचे पासपोर्ट आणि माझा कोट, बस.

त्याने जे सांगितलं ते एवढंच. तो वर गेला तेव्हा आई अजून फोनवर होती. हुंकार देत होती. घरात बाकी कसलाही आवाज नव्हता. त्याने रिसीव्हर उचलून म्हटलं, "आई, मी जयंत. आसावरी ठीक आहे." आई म्हणाली, "थांबा जयंतराव, तिचं सांगून होऊ दे."

तो थांबला. रिसीव्हर हातात धरून, त्या रिकाम्या पॅसेजमध्ये. शेवटी आईने स्वतःच फोन ठेवला. त्याने त्या वेळात काही ऐकलं का, हे मी खूपदा विचारलंय. विचारलं की तो उठून दुसऱ्या खोलीत जातो.

त्या रात्री आम्ही शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, जयंतच्या ओळखीतल्या मधुमतीकाकूंकडे राहिलो. काकू आणि त्यांचे डॉक्टर यजमान तिथे वीस-बावीस वर्षं राहत होते. त्यांनी काही विचारलं नाही. गरम खिचडी वाढली आणि माझ्या खोलीतला दिवा चालू ठेवला. सामान आणायला जयंत आणि डॉक्टरकाका भर सकाळी गेले. मी त्या इमारतीत पुन्हा पाऊल टाकलं नाही. पुढे वर्षभराने आम्ही लंडनला, एजवेअरला गेलो. तिथे शेजारीपाजारी सगळे आपलेच. दिवसभर कुणी ना कुणी दार वाजवायचं. मला ते फार आवडायचं.

आईने ती काय बोलली ते कधीच सांगितलं नाही.

मी खूप खोदून विचारलं. भांडले. ती म्हणायची, "तुझं वाईट चिंतत नव्हती ती. एवढं पुरे." एकदा मात्र भाकरी थापता थापता म्हणाली, "इतकी वर्षं कुणी 'मग?' म्हणून विचारलं नाही की माणसाचं काय होतं गं?" आणि पुन्हा भाकरीकडे वळली.

आई २००९ साली गेली. मी शेवटचे काही दिवस मिरजेला तिच्याजवळ होते. औषधांच्या गुंगीत ती फारसं बोलत नव्हती. एका दुपारी तिने डोळे उघडले, माझा हात घट्ट धरला आणि अगदी स्वच्छ विचारलं,

"तिला पुढं कुणी भेटलं का गं?"

मला कळलं ती कुणाबद्दल विचारतेय.

मी खोटं बोलले. "हो आई, भेटलं."

"कोण?"

मी दुसऱ्या हाताने तिची चादर सारखी करायला लागले. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने माझा हात सोडला आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

तो फ्लॅट अजूनही भाड्याने जातो. मध्यंतरी इंटरनेटवर त्याचे फोटो दिसले. स्वयंपाकघर नवं केलंय, पडदा काढून टाकलाय. आता त्या जागेत एक छोटं टेबल आहे आणि टेबलाशी एकच खुर्ची.

खाली लिहिलं होतं, एकट्याने राहणाऱ्यांसाठी उत्तम.