वचनातून मोकळी

सासूबाईंनी कपाटातला पत्र्याचा डबा पलंगावर पालथा केला. जुन्या पावत्या, एक तुटका चष्मा, थोरल्याच्या शाळेतलं प्रगतिपुस्तक असं सगळं बाहेर पडलं. पण ज्यासाठी डबा काढला होता, त्या चार सोन्याच्या बांगड्या काही पडल्या नाहीत. धाकट्याचं लग्न ठरलं होतं आणि त्या बांगड्या नव्या सुनेच्या हातात घालायच्या हे त्यांनी वर्षानुवर्षं मनाशी धरून ठेवलं होतं. त्यांनी डबा उलटा करून ठोकला. मग दारात उभ्या असलेल्या थोरल्या सुनेच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि त्यांना जे समजायचं ते समजलं.

"मी गहाण टाकल्या होत्या," ती म्हणाली. "सोडवता आल्या नाहीत. गेल्या."

"कशासाठी?"

ओठांवर आलेलं उत्तर गिळायची तिला चार वर्षांची सवय होती...

"मी सांगतो कशासाठी," धाकटा म्हणाला. तो लिफ्टदुरुस्तीच्या कामावरून नुकताच आला होता, हातांना अजून वंगणाचा वास होता. "मागच्या वर्षी माझ्याकडून पैसे घेतलेस वहिनी, परत द्यायचं नाव नाही. पगार होतो आणि आठ दिवसांत संपतो. माहेरची भर चाललीय सगळी. दादा असता तर त्यानं काय म्हटलं असतं याचा तरी विचार कर."

दादा असता तर... त्या तीन शब्दांनी तिच्या काळजात कळ उठली. कारण दादानं काय म्हटलं होतं, हे या घरात फक्त तिलाच ठाऊक होतं.

"महिना संपला की मी आईला घेऊन वेगळा राहणार," धाकटा म्हणाला. सासूबाईंनी एकेक पावती उचलून डब्यात भरली, आणि त्या दिवसापासून सुनेशी बोलणं टाकलं.

तिचा नवरा छापखाना चालवायचा. माणूस हौशी, हसरा, कुणाला नाही म्हणणं त्याला जमत नसे. नवीन यंत्रासाठी त्यानं बँकेचं कर्ज काढलं, ते फेडायला दुसरं, दुसऱ्यासाठी तिसरं. घरी मात्र धंदा जोरात आहे असंच सांगत राहिला. मग यकृताचा आजार निघाला. सहा आठवडे इस्पितळात काढले, आणि शेवटच्या आठवड्यात एका दुपारी तिचा हात धरून तो म्हणाला, "आईला आणि धाकट्याला यातलं काही कळू देऊ नकोस. त्यांच्या मनात मी जसा आहे तसा राहू दे. एवढं वचन दे." तिनं दिलं. मरणाऱ्या माणसाशी घासाघीस कशी करायची?

त्याच्यामागं बँकेनं यंत्रं ओढून नेली, आणि तिला इस्पितळाच्या कपडेखात्यात शिवणाचं काम मिळालं. फाटक्या चादरींना ठिगळ, डॉक्टरांच्या हिरव्या डगल्यांना नाड्या, उशांचे अभ्रे, दिवसाला साठ-सत्तर नग. पगार झाला की जो सर्वांत मोठ्यानं ओरडे त्याला ती आधी पैसे देई, उरलेल्यांसाठी फोनवरच्या अ‍ॅपमधून नवी उचल घेई. घरी आलेली पाकिटं न फोडता पिठाच्या डब्यामागं लपवी. एक वेळ जेवण टाळून "कामावर खाल्लं" असं सांगे. आपण एका गेलेल्या माणसाची प्रतिमा जिवापाड जपतो आहोत, या एका समाधानावर ती जगत होती. आणि आता त्या समाधानाची किंमत म्हणून तिच्या कपाळी चोर हा शिक्का बसला होता...

बांगड्यांच्या प्रकरणानंतर तिसऱ्याच दिवशी वसुलीवाल्यानं कामावर फोन केला. कपडेखात्याच्या प्रमुख बाईंनीच तो उचलला. त्या जाड, तोंडाळ, सगळ्यांना फैलावर घेणाऱ्या. दोन मिनिटं त्यांनी पलीकडचं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

"किती जणांचं आहे?" त्यांनी विचारलं.

"मोजलं नाही," ती खाली मान घालून म्हणाली, आणि ते अगदी खरं होतं.

"माझ्या भावानंही मोजलं नव्हतं. शेवटी मीच त्याला कॉलर धरून नेलं होतं. जुन्या टपाल कचेरीच्या वर कर्जसल्ला केंद्र आहे, फुकट आहे. उद्या अर्धी रजा टाक. नाही टाकलीस तर मी टाकीन तुझ्या नावानं."

दुसऱ्या दिवशी त्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून ती दोनदा परत फिरली. परक्या माणसापुढं आपलं उघडं पडणं तिला मरणाहून अवघड वाटत होतं. शेवटी मागून चढणाऱ्या कुणाला वाट देताना ती आपसूक वर सरकली, आणि मग सरळ वरच गेली.

सल्लागार बाई बँकेतून निवृत्त झालेल्या होत्या. बारीक अंगाच्या, डोळ्यांवर जाड भिंगं. त्यांनी दुःखाची चौकशी केली नाही की उपदेशही केला नाही. पाण्याचा पेला पुढं ठेवला आणि म्हणाल्या, "पाकिटं फोडू या."

दीड तास त्या दोघी पाकिटं फोडत होत्या. एकूण सात कर्जं निघाली. पाच नवऱ्याची, दोन तिनं फोनवरून घेतलेली. बाईंनी प्रत्येक कागदाचं शेवटचं पान पाहिलं आणि दोन ढीग केले.

"हे चार. यांवर तुमची सही आहे, हे फेडायचे. हे तीन," त्यांनी दुसऱ्या ढिगावर तळहात ठेवला, "यांवर फक्त तुमच्या यजमानांची सही आहे. यांना तुम्ही का देत होता?"

"ते म्हणाले, नवऱ्याचं कर्ज बायकोलाच फेडावं लागतं."

"त्यांच्यामागं काही मालमत्ता राहिली असती तर त्यातून यांना मागता आलं असतं. काही राहिलं नाही. तुमच्या शिवणाच्या पगारावर यांचा हक्क नाही."

ती त्या तीन कागदांकडे बघत राहिली. चार वर्षांत सर्वांत जास्त पैसे तिनं याच तिघांना दिले होते, कारण सर्वांत जास्त हेच ओरडत. बांगड्याही यांच्याच घशात गेल्या होत्या. तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं ते हसू, वेडंवाकडं, न थांबणारं हसू... आणि त्या हसण्याचंच मग रडं झालं. सल्लागार बाईंनी खिडकी उघडली आणि ती थांबेपर्यंत दुसऱ्या कागदांवर आकडे मांडत बसल्या.

"या चारांसाठी आपण सवलत मागू, ती मिळते," नंतर त्या म्हणाल्या. "पण त्याआधी एक काम आहे, ते मला करता येणार नाही. घरी सांगायचं."

"मी वचन दिलंय."

"तुमचे यजमान आज असते, आणि तुम्हाला या खुर्चीत बसलेलं बघत असते, तर त्यांनी ते वचन पाळायला लावलं असतं का?"

त्या प्रश्नाचं उत्तर शोधत ती तीन मैल चालत घरी आली. बसचे पैसे होते, पण चालणं भाग होतं.

संध्याकाळी तिनं सगळे कागद जेवणाच्या टेबलावर मांडले. फक्त एक मागं ठेवला. "माझ्याशी बोलू नका, पण ऐकून घ्या," ती म्हणाली, आणि छापखान्यापासून सल्लागार बाईंच्या दोन ढिगांपर्यंत सांगत गेली. धाकटा एकेक कागद उचलून वाचत होता. भावाची सही त्याला लांबूनही ओळखू येई, शेवटच्या अक्षराला शेपूट काढायची दादाची लकब होती.

"तुझ्या मांडीवर कसला कागद आहे?" त्यानं विचारलं.

"काही नाही. जुना आहे."

त्यानं हात पुढं केला. तिनं दिला नाही, तेव्हा त्यानं हळूच काढून घेतला. त्यावरची तारीख वाचली आणि तो खुर्चीत मागं टेकला. त्याच महिन्यात दादानं त्याला लिफ्टच्या कामाच्या शिक्षणाचे पैसे भरून दिले होते. "मोठी ऑर्डर मिळाली रे" असं म्हणत, पाठीवर थाप मारून.

"हे पण तूच फेडत होतीस," तो म्हणाला. त्यानं कागद नीट घडी घालून ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

सासूबाई इतका वेळ हलल्या नव्हत्या. आता त्या उठल्या, टेबलाला वळसा घालून सुनेपाशी आल्या. ती उभी राहू लागली, तर त्यांनी खांदा दाबून तिला बसवलं.

"तो गेला तेव्हा तू रडली नाहीस," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, दगड आहे पोरगी. चार वर्षं मी तुला दगड म्हणत होते मनात... तुला रडायला वेळ तरी कुठं होता." त्यांचा हात तिच्या केसांवरून फिरत होता. "त्यानं तुझ्याकडून हे वचन घ्यायला नको होतं. माझा होता म्हणून सांगते, चुकलंच त्याचं. मी त्याची आई आहे. ते वचन मी सोडवून घेते. आजपासून तू मोकळी."

"आणि बांगड्या..." ती कशीबशी म्हणाली.

"त्या न विचारता घेतल्यास, ते तुझं चुकलं. ते मी विसरणार नाही. पण ते तुझं-माझं आहे, आपण बघून घेऊ."

त्या रोकठोक बोलण्यानं तिला जितकं हलकं वाटलं, तितकं कुठल्याच क्षमेनं वाटलं नसतं.

सल्लागार बाईंनी दुसऱ्या ढिगातल्या तिघांना एकेक ओळीची पत्रं पाठवली: पत्नीच्या सहीचा कागद दाखवा. दोघांचं उत्तरच आलं नाही. तिसरा, तो सर्वांत मोठ्या आवाजाचा, रविवारी सकाळी दारात येऊन उभा राहिला. धाकटा बाह्या सावरत पुढं निघाला, तर तिनं त्याला थांबवलं आणि दार स्वतः उघडलं.

"कागद आणलाय?" तिनं विचारलं.

"कागदाचं काय घेऊन बसलात? माणुसकी आहे की नाही?"

"माणुसकी होती म्हणून चार वर्षं दिले. मुद्दलापेक्षा जास्त दिलेत, पावत्या माझ्याकडे आहेत. माझी सही असलेला कागद असेल तर दाखवा. नसेल तर ही शेवटची खेप."

आवाज ऐकून शेजारची दारं किलकिली झाली. तोवर सासूबाईंनी आतून खुर्ची आणून उंबऱ्यात मांडली आणि तिच्यात ऐसपैस बसल्या. "सावकाश शोधा खिशात," त्या त्याला म्हणाल्या. "मला आज काही काम नाही."

तो गेला. पुन्हा आला नाही.

महिन्याअखेर पहिल्या ढिगातल्या वित्तकंपनीच्या कचेरीत बैठक झाली. बँकेनं आणि फोनवाल्या दोघांनी सवलत आधीच कबूल केली होती, राहिला होता हाच एक. काचेच्या खोलीत टेबलापलीकडे एक तरुण अधिकारी, अलीकडे सल्लागार बाई, ती, आणि हट्टानं सोबत आलेल्या सासूबाई. दंड माफ करायला अधिकारी तयार झाला, पण हप्ता म्हणाला पाच हजारांचा.

सल्लागार बाई काही बोलणार, एवढ्यात तीच बोलली.

"चार. भाडं, वीज, घरखर्च आणि बाकीचे हप्ते जाऊन माझ्याकडे चारच उरतात, हा हिशेब बघा. पाच मी आत्ता कबूल करीन, पण तिसऱ्या महिन्यात मला पुन्हा तुमचा फोन चुकवावा लागेल. मला आता कुणाचा फोन चुकवायचा नाही."

अधिकाऱ्यानं हिशेबाचा कागद दोनदा वाचला. आत जाऊन कुणाशी तरी बोलून आला. चार ठरले. ते कर्ज पुढं ठरल्या मुदतीच्या दोन महिने आधीच फिटलं, कारण धाकट्यानं लग्न साध्या नोंदणीनं केलं आणि वाचलेले पैसे न विचारता त्यात भरले. पण ते नंतरचं. त्या दुपारी सही करताना तिनं प्रथमच प्रत्येक ओळ वाचली.

खाली रस्त्यावर आल्यावर सल्लागार बाई त्यांचा निरोप घेऊन गेल्या. थांब्यावरच्या बाकावर सासू-सुना बसल्या. ऊन कलतं होतं.

"मला सांग," सासूबाई म्हणाल्या. "शेवटच्या आठवड्यात मला आत सोडत नव्हते. तूच होतीस. तो काय काय बोलायचा?"

ती सांगू लागली. तो कसा परिचारिकांची नक्कल करायचा, ताप चढला की छापखान्यातल्या माणसांना हाका मारायचा, लहानपणी आईनं म्हटलेली अंगाईगीतं त्याला अर्धीच आठवायची आणि उरलेली तो मनचीच जोडायचा... चार वर्षं हे सगळं तिच्याजवळ एकटीजवळ होतं, आणि त्यातला एक शब्दही तिनं कुणाला सांगितला नव्हता. सासूबाई हसत होत्या, पदरानं डोळे पुसत होत्या, पुन्हा हसत होत्या.

त्यांची बस आली, थांबली, दारं उघडली.

"जाऊ दे ही," सासूबाई तिचा हात हातात घेत म्हणाल्या. "पुढं सांग."