वळच्या गोदामातलं जर्मन

अंजूरफाट्यावरून कल्याण नाक्याकडे निघालेल्या शेअर रिक्षात उन्नती डोळे मिटून पुटपुटत होती... आउस, बाय, मिट, नाख, फॉन, त्सू. अंजूरची ही पोर भिवंडीतल्या एका दवाखान्यात नर्स होती. डोळ्यांवर रात्रपाळीची झोप आणि डोक्यावर जर्मनची परीक्षा, असा तिचा एकूण अवतार होता. शेजारी मासळीची टोपली मांडीवर घेऊन बसलेल्या राहीबाईंनी थोडा वेळ ऐकलं आणि मग न राहवून विचारलं, की हा कोणत्या देवाचा जप म्हणायचा.

उन्नती काही सांगणार, तोच पुढून, ड्रायव्हरच्या शेजारी अर्धा सीटवर आणि अर्धा हवेत बसलेल्या मुलाचा आवाज आला.

"एक राहिला. नाखच्या पुढं झाइट हाय."

त्याने मान वळवून मागे पाहिलं. ओठ गंभीर होते, पण डोळे चक्क हसत होते. उन्नतीला राग आला... चुकलं म्हणून की पकडली गेली म्हणून, ते मात्र तिचं तिलाही कळेना.

"तुम्हाला कोणी विचारलं?"

"कोनी न्हाय. पन परीक्षेत इचारतील ना, मंग?"

तोही उन्नतीच्याच जर्मनच्या क्लासला निघाला होता, पहिल्याच दिवशी. रिक्षातून उतरून ती मागे न बघता तरातरा जिना चढली. मागे त्याच्या बुटांचा आवाज येतोय हे कळल्यावर तिने हळूच वेणी पुढे घेतली. का घेतली, ते विचारू नये.

क्लास होता लूमच्या कारखान्यावरच्या माळ्यावर. खाली दिवसभर खटखट, त्यामुळे वर करिष्मा मॅडमना जर्मन ओरडूनच शिकवावं लागे. तो मुलगा दीपेश. वळ गावातला, तिथल्याच एका गोदामात शिफ्ट सांभाळणारा. गोदाम त्याच्या बापाच्या भातशेतावरच उभं होतं. तिथे माल उचलायचं एक जर्मन मशीन आलं, त्याचं जाडजूड पुस्तक कोणालाच वाचता येईना, म्हणून हा पठ्ठ्या मोबाइल घेऊन एकेक शब्द लावत बसला आणि भाषेच्या नादाला लागला. पुढे काय करणार, असं कोणी विचारलं की तो फक्त "बघू" म्हणायचा.

उन्नतीचं मात्र बघू म्हणून भागणार नव्हतं. जर्मनीतल्या एका रुग्णालयाने तिला निवडलं होतं, पण भाषेची परीक्षा पास झाली तरच. एकदा ती नापास झाली होती. लिहिण्यात नव्हे, बोलण्यात. समोरच्या बाईने प्रश्न विचारला आणि हिच्या तोंडून अवाक्षर फुटेना. आता ही शेवटची संधी. बोलण्याची परीक्षा जोडीने असते, दोघांनी मिळून काहीतरी आखायचं. मॅडमनी जोडी लावून दिली, उन्नती आणि दीपेश.

तिचं घोडं अडत होतं ते जर्मनमधल्या नऊ शब्दांवर. वर, खाली, मागे, पुढे, शेजारी, मध्ये अशी ही साधी अव्ययं, पण सासूबाईंसारखी मानी. पुढे येणाऱ्या नामाने कोणतं रूप घ्यायचं, ते यांनी ठरवायचं. कधी अकुझाटिव म्हणजे द्वितीया, कधी डाटिव म्हणजे चतुर्थी. मराठीत बाटली टेबलावर ठेवली काय आणि टेबलावर आहे काय, 'वर' तो 'वर'च. तक्ते पाठ करून करून तिचा जीव मेटाकुटीला आला होता.

"तक्ता नको पाठ करू," दीपेश म्हणाला. 'तुम्ही'ची 'तू' कधी झाली, दोघांनाही आठवत नव्हतं. "माल हलतोय का थांबलाय, येवढंच बघ. रॅकवर चाललाय तर अकुझाटिव. रॅकवर जाऊन बसला, डाटिव. रविवारी गोदामात ये, दाखवतो."

ती गेली. त्याने पिवळ्या स्टिकरवर ते नऊही शब्द छापून नऊ रॅकना चिकटवून ठेवले होते. तो खोका उचलायचा, ती ओरडून वाक्य सांगायची. चुकली की खोका परत खाली. एकदा एकच खोका दोघांच्या हातात राहिला आणि हलतोय की थांबलाय हे दोघांपैकी कोणीच सांगेना. त्याच्या मनगटावर पुठ्ठ्याची धूळ होती, तीसुद्धा तिला आवडली. मग बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला, दोघांनी खोका सोडला, आणि तो तिच्या पायावर पडला. इतकी मजा तिला कित्येक महिन्यांत आली नव्हती.

घोटाळा झाला तो पुढेच. स्टिकर काढायचे राहून गेले. सोमवारी नवा लागलेला हमाल पंढरी कामावर आला, रॅकवर इंग्रजी अक्षरांत AN, IN, AUF बघितलं, आणि त्याला वाटलं ऑफिसने जागांचे नवे कोड पाठवले. गडी मोठा आज्ञाधारक. त्याने कुकरचा आख्खा ट्रक त्या नऊ रॅकवर रचून टाकला. मंगळवारी सकाळी कॉम्प्युटर सांगेल तिथे माल नाही आणि माल आहे तो कॉम्प्युटरला माहीत नाही. मॅनेजर दीपेशला म्हणाले, सगळं जागच्या जागी लागल्याशिवाय सुट्टी नाही. परीक्षा होती बुधवारी.

त्याचा मेसेज आला, 'उद्या मला जमेल असं वाटत न्हाय. मॅडम दुसरा जोडीदार देतील. तू बोल. तुला येतं.'

उन्नतीला आधी रडू आलं, मग त्याचा भयंकर राग आला, आणि मग ती ड्युटीवरून सुट्टी टाकून सरळ वळच्या गोदामात गेली. तिला बघून दीपेश स्टुलावरून पडता पडता राहिला. तो काही बोलणार त्याआधीच तिने ओढणी कमरेला खोचली आणि पहिला खोका उचलला.

दिवसभर दोघं माल हलवत राहिले. मराठीत बोलायचं नाही, अशी अट तिनेच घातली. दारामागे ने, दारामागे आहे. खिडकीखाली ठेव, नाही, खिडकीखाली दुसरा आहे. पंढरी आधी ओशाळला, मग हसला, मग दुपारपर्यंत तोही खोका खाली सरकवताना 'उंटर, उंटर' करायला लागला. संध्याकाळी शेवटचा खोका स्कॅन झाला तेव्हा उन्नतीच्या लक्षात आलं, दिवसात एकदाही आपण तक्ता बघितला नाही.

"बघ, येतंय तुला," दीपेश म्हणाला. पण हे म्हणताना त्याचा आवाज जरा पडला होता. "आता तू जानारच..."

"मग? तुला काय वाटतं?"

त्याने हातातला स्कॅनर बंद केला. "उद्या बोलू," म्हणाला. तिला ते 'बघू'सारखंच वाटलं. परतीच्या रिक्षात ती फार उदास झाली. परीक्षेची भीती गेली होती, पण आता हा माणूस मागे राहणार याची भीती वाटत होती. आपलं प्रेम आहे याच्यावर, हे तिने स्वतःशी कबूल करून टाकलं.

बुधवारी दोघं शेजारी शेजारी बसले. परीक्षक बाईंनी कार्ड पुढे सरकवलं. तुमची मैत्रीण दूरच्या शहरात राहायला गेली आहे, तिला भेटायला जायचं आखा. उन्नतीने भराभर सुरुवात केली, कसं जायचं, सोबत काय न्यायचं. "आणि जायचं कधी?" तिने जर्मनमध्ये विचारलं.

"एक सप्टेंबरला," दीपेश म्हणाला.

"इतक्या उशिरा? का?"

"त्या दिवशी माझं प्रशिक्षण सुरू होतं. गोदामाच्या कामाचं, तिच्याच, म्हणजे तुझ्या रुग्णालयाच्या शहरात. मी फक्त तिथेच अर्ज केला होता. पत्र शनिवारी आलं, पण आईला सांगायची हिंमत होत नव्हती. काल रात्री सांगितलं. ती रडली, आणि मग विचारलं, मुलगी कोण."

उन्नतीची वाचा बसली. अगदी मागच्या परीक्षेसारखी. बाई पेन धरून थांबल्या, घड्याळाचा काटा पुढे सरकत होता. दीपेश घाबरून तिच्याकडे बघत होता, उत्तरासाठी की मार्कांसाठी, देव जाणे.

"मग आपलं आखायचं चुकतंय," ती म्हणाली. एकदा बोलू लागली ती थांबेचना. "सप्टेंबर फार लांब आहे. आधी या रविवारी तुझ्या आईला घेऊन अंजूरला ये. माझी आई घरीच असेल. माझं उत्तर हो आहे, पण ते तुझ्या आईच्या समोर सांगेन."

"किती वाजता येऊ?" त्याने विचारलं.

"अकरा वाजता. जेवायलाच या."

परीक्षक बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि वेळ संपल्याचं सांगितलं. ते दोघांनाही ऐकू गेलं नाही, कारण दीपेश आता विचारत होता की येताना काय आणायचं.