साहेबांचं हिरवं टेबल

"वाया! सगळा माल वाया घालवलात!" साहेबांनी टेबलावर मूठ आपटली.

कापड रंगवण्याच्या या कारखान्यात मावशी रंग जुळवायची. सुट्टीत तिच्याकडे आलेली टकळी, तिचा चष्मेवाला भाऊ घुबड आणि शेंडेफळ लिंबूटिंबू दाराआडून ऐकत होते. साहेबांना रंगातलं ओ की ठो कळत नव्हतं. मालकांचे जावई होते, एवढीच त्यांची लायकी!

"गिऱ्हाईक बाईंनी राखाडी मागितलाय आणि हे गुलाबी झाक मारतंय! संध्याकाळी त्या आल्या की त्यांच्यासमोरच तुम्हाला कामावरून काढतो."

मावशी बाहेर आली ती पडल्या चेहऱ्याने. "मलाही तिथे गुलाबीच दिसलं रे. माझे डोळेच गेले वाटतं. आता कोण देणार मला काम?"

टकळीला आधी रडू आलं, मग भयंकर राग आला.

"पण दोरीवर वाळतंय ते हेच कापड ना? ते तर चांगलं राखाडी दिसतंय!" घुबड म्हणाला.

जेवणाच्या सुट्टीत तिघं आत घुसली. पाहुण्यांवर छाप पाडायला साहेबांनी कालच टेबलावर भडक हिरवं कापड ताणून बसवलं होतं. घुबडाने आपला राखाडी मोजा काढून त्यावर टाकला. मोजा गुलाबी! पांढऱ्या कागदावर ठेवला, तर पुन्हा राखाडी!

"शी! वास येतोय!" लिंबूटिंबूने नाक दाबलं.

"येऊ दे!" घुबड म्हणाला. "भोवती भडक हिरवं असलं की आपल्या डोळ्यांना राखाडीत गुलाबी झाक दिसते. दोन्ही सारखेच उजळ असले की जास्तच. मावशीचे डोळे ठणठणीत आहेत."

"फक्त साहेबांच्या डोक्यात बिघाड आहे!" टकळी म्हणाली. बाईंचा नमुना भिंतीवर पांढऱ्या चौकटीत लावलेला होता. तिने तो काढून टेबलावर ठेवला आणि चौकटीत टेबलावरचा मावशीच्या कापडाचा तुकडा लावला.

संध्याकाळी बाई आल्या. साहेब कोंबड्यासारखी मान ताठ करून उभे राहिले. "बघा! टेबलावर ही आमची गुलाबी चिंधी आणि चौकटीत तुमचा अस्सल राखाडी. आंधळ्यालाही फरक कळेल!"

"नक्की ना, साहेब?" टकळीने विचारलं.

"पोरी, ही माझी नजर आहे!"

"मग ती चिंधी जरा उलटी करा ना!"

साहेबांनी ती ऐटीत उलटी केली. मागे बाईंच्या दुकानाचा शिक्का!

"माझ्याच नमुन्याला चिंधी म्हणालात?" बाईंनी टेबलावरचं हिरवं कापड खसकन ओढून काढलं. खालच्या पांढऱ्या फळीवर दोन्ही तुकडे शेजारी ठेवले. एक झाकावा, दुसरा काढावा!

"मी... मी म्हणतच होतो, इथल्या दिव्यात दोष आहे," साहेब पुटपुटले. स्वतःची चूक कबूल करायलाही अक्कल लागते!

"शाबास रे पोरांनो!" बाई हसल्या आणि मावशीकडे वळल्या. "यापुढे माझा माल तुम्हीच तपासायचा. साहेबांनी मध्ये पडायचं नाही."

मावशीने आपला तुकडा खिडकीपाशी नेला आणि कितीतरी वेळ बघत राहिली.

"राखाडीच आहे," ती म्हणाली. "मला दिसतोय!"